दुबईचं तिकीट आणि आठवड्याला ६६,००० सीट्स

मे महिना जवळ आला की आमच्या ऑफिसात दिवसभर एकच प्रश्न, दुबईचं तिकीट एवढं महाग कसं काय झालं हो. माझं काम तिकिटांचं, पुण्यात छोटं ऑफिस आहे, येणारी माणसं बहुतेक सातारा-सांगली-कोल्हापूरकडची आणि कोकणातली, ज्यांचं कुणी ना कुणी आखातात आहे. त्यांना वाटतं एअरलाइनवाले सुट्ट्या बघून भाव चढवतात. चढवतातच, त्यात काही खोटं नाही. पण त्याच्या मागे अजून एक गोष्ट आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही म्हणून आज हे लिहितेय. विमानं उडवायला तयार कंपन्या आहेत, बसायला तयार माणसं आहेत, आणि तरी दुबईची एक जादा फ्लाइट टाकता येत नाही, कारण दोन सरकारांनी मिळून एका कागदावर एक आकडा लिहून ठेवलाय आणि तो आकडा २०१४ पासून जवळजवळ तिथल्या तिथेच आहे.

आकडा साधारण ६६,००० चा. म्हणजे भारत ते दुबई, आठवड्याला, एका दिशेने, भारताच्या सगळ्या विमान कंपन्यांना मिळून एवढ्या सीट्स आणि दुबईच्या कंपन्यांना मिळून तेवढ्याच. याला आमच्या धंद्यात बायलॅटरल म्हणतात. दोन्ही बाजूंचा कोटा केव्हाच भरलाय.

हे असं का, तर आंतरराष्ट्रीय विमानसेवेला बाजाराचे नियम पूर्ण लागूच होत नाहीत. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, डिसेंबर १९४४ मध्ये, शिकागोत पन्नासपेक्षा जास्त देश एकत्र बसले आणि एक करार झाला. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, पण सही करणाऱ्यांत भारत होता. त्या कराराचं पहिलंच कलम म्हणतं की प्रत्येक देशाचा आपल्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण हक्क आहे, आणि सहावं कलम म्हणतं की कुठलीही नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा त्या त्या देशाच्या खास परवानगीशिवाय चालवता येणार नाही. अमेरिकेला सगळं मोकळं हवं होतं, ब्रिटनला नको होतं कारण त्यांच्याकडे प्रवासी विमानं कमी आणि अमेरिकेकडे भरमसाठ, त्यामुळे जगभरासाठी एकच नियम ठरला नाही आणि मग दोन-दोन देशांनी आपापसात बसून ठरवायचं अशी पद्धत पडली. १९४६ ला बर्म्युडामध्ये ब्रिटन-अमेरिकेचा करार झाला, पुढे बाकीच्यांनी तोच साचा उचलला. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं ना, आपल्याकडे त्या उड्डाणाचं केवढं कौतुक होतं आणि ते व्हायलाच पाहिजे, पण रोजची सेवा म्हणून ते विमान वाटेत जिथे जिथे उतरायचं तिथे तिथे आधी सरकारी पातळीवर होकार लागायचा.

आज भारताचे असे करार शंभराहून जास्त देशांशी आहेत. करारात काय काय असतं तर कुठल्या कंपन्या उडणार, कुठल्या शहरांत उतरणार (याला पॉइंट ऑफ कॉल म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणारे), आठवड्याला किती फ्लाइट किंवा किती सीट्स, कोडशेअर (एका कंपनीच्या विमानाची तिकिटं दुसरीने आपल्या नावाने विकणं) चालेल का, मधल्या देशात उतरून तिथली माणसं भरता येतील का. दोन्ही देशांचे अधिकारी बसतात, कधी दिल्लीत, कधी तिकडे, आणि २००८ पासून तर जागतिक नागरी विमान संघटना दरवर्षी एक मोठी बैठकच भरवते जिथे सगळ्या देशांचे लोक एका छताखाली येतात आणि एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर बसत थोड्या दिवसांत भरपूर करार उरकतात. पहिली बैठक दुबईतच झाली होती. आपापल्या एअरलाइन्सचे लोकही सोबत असतात, त्यांचं म्हणणं अधिकाऱ्यांच्या कानावर आधीपासून असतं. प्रवाशांच्या बाजूने मात्र टेबलावर कुणीच नसतं. मला या सगळ्यात खटकतं ते हे.

आता सीट्सचा हिशोब जरा जवळून बघू. ज्यांची शेती कॅनॉलवर आहे त्यांना हा हिशोब पटकन कळेल, पाटाच्या पाण्याची पाळी असते तसंच हे आहे, तास ठरलेले, एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याचं कमी. दुबईच्या एमिरेट्स कंपनीचं ए-३८० हे दुमजली विमान धरा, साधारण ५०० सीट्सचं. ते मुंबईला रोज एकदा आलं की आठवड्याचे ३,५०० सीट्स गेले. बोइंग ७७७ धरलं तर साडेतीनशेच्या आसपास सीट्स, रोज एक म्हणजे आठवड्याला साधारण २,४५०. आपल्या बाजूला इंडिगोचं ए-३२० हे १८६ सीटचं विमान रोज एकदा गेलं की १,३०२. म्हणजे भारताच्या अख्ख्या कोट्यात असली दिवसाला पन्नासेक विमानं बसतात, आणि ती पन्नास एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस, इंडिगो, स्पाइसजेट सगळ्यांनी वाटून घ्यायची, आणि मुंबई, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, केरळची विमानतळं, अमृतसर, जयपूर, लखनौ सगळ्यांना पुरवायची. पुण्याच्या वाट्याला काय येणार ते तुम्हीच बघा. कोटा भरलेला असताना आपल्या कंपनीला नवीन शहरातून दुबई सुरू करायचं म्हणलं तर बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी शहराची फेरी कमी करूनच करावं लागतं.

अजून एक बारकावा. हा आकडा फक्त दुबईचा, अख्ख्या युएईचा नाही. अबू धाबीचा कोटा वेगळा, शारजाचा वेगळा, रास अल खैमाचा वेगळा. म्हणून मी कित्येकांना सांगते की मुलगा दुबईत राहत असला तरी अबू धाबीचं तिकीट बघा, शारजाचं बघा, पुढे रस्त्याने जाता येतं. अकासा एअरने २०२४ च्या मार्चमध्ये पहिली परदेशी फ्लाइट सुरू केली ती मुंबई-दोहा, नंतर जेद्दा, रियाध, अबू धाबी, कुवेत. दुबई नाही. भारतातून सगळ्यात जास्त गर्दी जिथे जाते तिथेच नवीन कंपनी जाऊ शकत नाही कारण तिथे वाटायला काही उरलेलंच नाही. त्यांचे सीईओ विनय दुबे यांनी कोटा वाढवा अशी मागणी उघडपणे केलीय.

मग दुबई मागत नाही का, तर मागते, सारखी मागते. २०२२ ला त्यांनी भारताकडे आठवड्याला ५०,००० जादा सीट्स मागितल्या आणि सोबत नवीन शहरांची यादी दिली, त्यात अमृतसर, तिरुचिरापल्ली, कोइम्बतूर, कन्नूर, भुवनेश्वर, गुवाहाटी होतं, गोवा होतं आणि पुणं पण होतं. हो, आपलं पुणं. एमिरेट्स भारतात नऊ शहरांत येते, मुंबई, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, अहमदाबाद, कोची, तिरुअनंतपुरम. महाराष्ट्रात फक्त मुंबई. २०२३ मध्ये तेव्हाचे विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी स्पष्ट सांगितलं की कोटा वाढवायचा सध्या विचार नाही, आपल्या कंपन्यांनी मोठी विमानं घेऊन थेट लांब पल्ल्याच्या फ्लाइट कराव्यात.

इथे बरेच लोक सरकारला शिव्या घालून मोकळे होतात. मी नाही घालणार, कारण सरकारच्या म्हणण्यात दम आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

दुबईला जाणारं विमान भरतं ते फक्त दुबईला जाणाऱ्यांनी नाही. मुंबईहून एमिरेट्समध्ये बसलेली बरीच मंडळी पुढे न्यूयॉर्क, लंडन, टोरांटो, न्यू जर्सीतल्या लेकाकडे चाललेली असतात, दुबईत फक्त दोन-तीन तास थांबतात. याला सिक्स्थ फ्रीडम म्हणतात, म्हणजे एका परक्या देशातला प्रवासी आपल्या घरी आणायचा आणि तिथून तिसऱ्या देशात सोडायचा. एमिरेट्सचं पहिलं उड्डाण ऑक्टोबर १९८५ मध्ये झालं ते कुठे, तर कराची आणि मुंबईला. तेव्हापासून आपल्या माणसांच्या गर्दीचा दुबईच्या हबला (हब म्हणजे जिथे विमान बदलून पुढे जातात तो मोठा विमानतळ) मोठा आधार आहे. त्यांनी उत्तम सेवा दिली म्हणूनच लोक गेले हे पण तेवढंच खरं, त्या काळात आपल्या सरकारी एअर इंडियाची काय अवस्था होती ते ज्यांनी प्रवास केलाय त्यांना माहितीये. पण देश म्हणून बघितलं तर मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाचे पैसे, त्यावर मिळणाऱ्या नोकऱ्या, इंजिनिअरिंग, विमानतळावरचा धंदा हे सगळं तिकडे गेलं. २०११ मध्ये सरकारचे हिशोब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल आला त्यातही हाच मुद्दा होता, आखाती देशांना सीट्स भराभर वाढवून दिल्या आणि त्याचा फायदा आपल्या कंपन्यांपेक्षा त्यांच्या हबला झाला.

आणि मग २०१३ चं अबू धाबी प्रकरण. आपल्या जेट एअरवेजमध्ये अबू धाबीच्या एतिहाद एअरलाइनने २४ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, २,०५८ कोटींना, आणि त्याच सुमारास भारताने अबू धाबीचा कोटा आठवड्याला साधारण १३,३०० सीट्सवरून ५०,००० वर नेला, तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने. संसदेत प्रश्न उठले, सुब्रमण्यम स्वामी सुप्रीम कोर्टात गेले. एका खाजगी व्यवहाराच्या तोंडावर देशाचा हक्क जवळजवळ चौपट करून दिला जातो हे बघून कुणालाही वाटणारच की हे नक्की कुणासाठी चाललंय. एप्रिल २०१९ ला जेट बंद पडली, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यात आपल्या मुंबई-ठाण्यातली किती मराठी मुलंमुली होती. कोटा मात्र वाढलेलाच राहिला. एकदा दिलेली सीट परत घेणं फार अवघड असतं, म्हणून अधिकारी हात आखडता घेतात, आणि अबू धाबीनंतर तर कुठल्याही सरकारला या फायलीवर सही करताना दहा वेळा विचार करावा लागत असणार.

तर २०१६ ला नवीन विमान वाहतूक धोरण आलं, त्यात असं ठरलं की दिल्लीपासून ५,००० किलोमीटरच्या पलीकडचे देश आणि सार्क देश यांच्याशी परस्पर मोकळं आकाश, किती पण फ्लाइट टाका. आणि ५,००० च्या आतल्या देशांना जादा सीट्स द्यायच्या तर त्यासाठी वेगळी पद्धत, आपल्या कंपन्यांनी आपला कोटा ८० टक्के वापरलाय का ते बघायचं वगैरे. आखात सगळं ५,००० च्या आत येतं. हा नियम आखाती हब डोळ्यांसमोर ठेवूनच केलाय हे उघड आहे.

आता मुद्दा असा की ८० टक्क्यांची अट दुबईच्या बाबतीत केव्हाच पार झालीय. आपल्या कंपन्यांचाच कोटा भरलाय! म्हणजे 'आमच्या कंपन्या तयार नाहीत' हे कारण दुबईपुरतं तरी राहिलेलं नाही. जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली, २०२३ ला त्यांनी ४७० विमानांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी इंडिगोने एका दमात ५०० मागवली, जुलै २०२५ ला इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲम्स्टरडॅम थेट सुरू पण केलं. छान आहे, मला मनापासून आनंद आहे, मुंबईवरून थेट युरोप हे व्हायलाच हवं होतं. पण ॲम्स्टरडॅमला जाणारा प्रवासी वेगळा आणि दुबईतल्या जेबेल अलीच्या वेअरहाऊसमध्ये काम करणारा खेडचा पोरगा वेगळा. त्याला दुबईवरून पुढे कुठेच जायचं नसतं. त्याला फक्त घरी यायचं असतं, वर्षा-दोन वर्षांतनं एकदा, आणि कंपनी रजा कधी मंजूर करेल ते त्याच्या हातात नसतं. त्यामुळे आधी चार महिने स्वस्तात बुक करून ठेवा हा जो सल्ला सगळे देतात तो त्याच्या काही कामाचा नाही. रजा मंजूर होते, फोन येतो, "ताई, पुढच्या आठवड्याचं बघा ना", आणि मी स्क्रीन उघडते तर खालचे सगळे फेअर बंद, उरलेल्या दोन-चार सीट्स सगळ्यात वरच्या भावाच्या. सिक्स्थ फ्रीडमचा नियम ज्या प्रवाशाला रोखायला केला तो प्रवासी पैसेवाला आहे, त्याला दोहा आहे, इस्तंबूल आहे, फ्रँकफर्ट आहे. भुर्दंड बसतो तो या पोराला.

कोकणाचं तर आखाताशी नातं किती जुनं आहे. रत्नागिरी, चिपळूण, खेड, महाड, श्रीवर्धन, एकेका गावात घराघरातनं माणूस कुवेत, बहरीन, कतार, सौदीत. मशिदीचा दुरुस्तीचा खर्च, शाळेचं छप्पर, बहिणीचं लग्न, सगळं त्या पैशावर. ही माणसं रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतात, आता दक्षिणेकडची काही गोव्याच्या मोपा विमानतळावर जातात. पण कोट्याच्या या वाटाघाटींत त्यांचं नाव कधी येत नाही. केरळचे खासदार निदान संसदेत सारखे उठून विचारतात, आपल्याकडचे किती विचारतात?

केरळवरून कन्नूर आठवलं, आणि इथे तो पॉइंट ऑफ कॉलचा विषय येतो. डिसेंबर २०१८ ला कन्नूरला नवा कोरा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, तीन किलोमीटरपेक्षा लांब धावपट्टी, मोठी विमानं आरामात उतरतील अशी. पण परदेशी कंपन्यांसाठी त्याला पॉइंट ऑफ कॉल दिलाच नाही. म्हणजे नाव आंतरराष्ट्रीय, आणि परदेशी विमान यायला बंदी. फक्त भारतीय कंपन्या तिथून परदेशी जाऊ शकतात, त्यातली गो फर्स्ट मे २०२३ ला बंद पडली आणि विमानतळाचं कंबरडंच मोडलं. संसदीय समितीनेही परवानगी द्यावी असं सुचवलं. हजारो कोटींचा विमानतळ बांधायचा आणि कागदावर एका शहराचं नाव वाढवायचं नाही, हे मला आजतागायत पटलेलं नाही.

उलटं उदाहरण पण सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की नाव लिहिलं की विमान आलंच. आसियान म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांसाठी भारताने २००३ च्या सुमारास १८ पर्यटन शहरं मोकळी केली होती, तिथे त्या देशांच्या कंपन्यांनी हव्या तेवढ्या फ्लाइट टाकाव्यात. त्या यादीत गोवा आहे आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, पण आहे, अजिंठा-वेरूळ म्हणून. पुणं त्यात नाही. वीस वर्षं होऊन गेली, अजिंठा बघायला येणारा थायलंड-व्हिएतनामचा बौद्ध पर्यटक अजूनही दुसऱ्याच शहरात उतरून येतो. संभाजीनगरला परवानगी आहे, पण ती कुणी वापरत नाही. मागणी जिथे खरंच आहे तिथे कुलूप, आणि जिथे आधी काहीतरी मदत, प्रचार, सोयी लागतील तिथे दार उघडं ठेवून सोडून दिलंय. दोन्हीकडे एकच चूक आहे, प्रवासी कुठला आणि कुठे चाललाय याचा विचारच नाही.

पुण्याचं दुखणं तर तिपेडी. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, सुखोई तिथून उडतात, तिथे आपण पाहुणे. धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे भरलेलं मोठं विमान लांब पल्ल्याला निघू शकत नाही, लुफ्थान्साने २००८ ला पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं होतं ते सुद्धा छोट्या विमानाने. पुरंदरच्या नव्या विमानतळाची चर्चा किती वर्षं चाललीय ते मी सांगायला नको. आणि या सगळ्यावर पुन्हा कोट्याचं कुलूप. २०२४ मध्ये नवीन टर्मिनल झालं, चांगलं झालंय, वर्षाअखेरीला इंडिगोने दुबई आणि बँकॉक सुरू केलं. दुबई हे काही लांब नाही, तीनेक तासांचा प्रवास, त्याला छोटं विमान चालतं, आताची धावपट्टी पुरते. दुबईच्या फ्लायदुबई कंपनीकडे सगळी छोटी, बोइंग ७३७ च आहेत, ती विमानं पुण्याला येऊ शकतात. म्हणजे मोठ्या विमानांचं नंतर बघू, पण दुबईपुरतं तरी पुण्याचं अडलंय ते धावपट्टीपायी नाही.

मागच्या दिवाळीत कराडच्या एक आजी आल्या होत्या, लेकीचं बाळंतपण दुबईला, तारीख ठरलेली, गुडघे दुखतायत म्हणून व्हीलचेअर हवी. पुण्याहून थेट बघितलं तर त्या आठवड्यात सीटच नाही, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात होती ती मुंबईच्या दुप्पट. "अगं, विमान तर इथूनच जातं म्हणतेस, मग मला मुंबईला कशाला धाडतेस?" आजींचा प्रश्न अगदी बरोबर होता. शेवटी मुंबईचं केलं, पहाटे चारचं. संध्याकाळी कराडहून गाडी, खंबाटकीत ट्रॅफिक, लोणावळ्याच्या घाटात ट्रॅफिक, मग रात्री अकराला अंधेरीत, तिथे पाच तास बसून. विमानातले तीन तास आणि त्याआधी रस्ता आणि बसणं मिळून दहा-अकरा तास. बॅगेत मेथीचे लाडू, डिंक, बाळंतविडा, वजन वाढलं म्हणून काउंटरवर अर्धं काढून परत जावयाच्या भावाच्या हातात दिलं असं नंतर कळलं. हे असं दर हंगामात कितीतरी जणांचं होतं, आणि यात कुणाचा वैयक्तिक दोष नाही, फक्त त्या आकड्यात या लोकांना धरलेलंच नाही.

बाकीच्या देशांत पण हे असंच पेटतं बरं का. २०१० मध्ये युएईने कॅनडाकडे जादा फ्लाइट मागितल्या, कॅनडाने एअर कॅनडाला वाचवायला नकार दिला, तर युएईने दुबईजवळचा कॅनडाच्या लष्कराचा तळ, कॅम्प मिराज, जिथून त्यांची अफगाणिस्तानातली रसद जायची, तो खाली करायला लावला. कॅनडाच्या संरक्षणमंत्र्यांच्या विमानाला आकाशातून जाऊ दिलं नाही, वर कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा लावला. काही फ्लाइटच्या वादावरून लष्करी तळ गेला! आणि २०२३ ला ऑस्ट्रेलियाने कतारच्या आठवड्याला २८ जादा फ्लाइटना नकार दिला तर तिथे एवढा गदारोळ झाला की सिनेटने चौकशी लावली, मंत्रीबाईंना कारणं द्यावी लागली, तिथल्या क्वांटास एअरलाइनला झुकतं माप दिलं का म्हणून टीव्हीवर चर्चा. मला हे दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. निर्णय बरोबर की चूक ते जाऊ दे, पण तिथल्या सामान्य माणसाला माहिती होतं की असा एक निर्णय झालाय आणि त्यामुळे आपलं तिकीट महाग राहणार. आपल्याकडे दुबईचा कोटा एवढी वर्षं वाढलेला नाही हे तिकीट काढणाऱ्या शंभरातल्या कितीजणांना माहितीये?

आणि वाढवता येत नाही असं नाही. जुलै २०२५ मध्ये कुवेतचा कोटा आठवड्याला १२,००० वरून १८,००० केला, तब्बल १८ वर्षांनी. आकाश कोसळलं नाही, आपल्या कंपन्या बुडाल्या नाहीत, उलट आपल्याच कंपन्यांना जास्त फेऱ्या मिळाल्या. कोकणातल्या कुवेतवाल्यांनी ही बातमी वाचली असेल-नसेल, पण त्याचा उपयोग त्यांना होणारे.

मला विचाराल तर दुबईला जादा सीट्स द्याव्यात, पण मुंबई-दिल्लीसाठी नाही. मुंबईत तशीही धावपट्टीवर जागा नाही, आणि मुंबई-दिल्लीहून अमेरिका-युरोपचा प्रवासी आपल्या हबसाठी राखायचा असेल तर राखा, तो विचार मला मान्य आहे. नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ ला झाला, डिसेंबरात उड्डाणं सुरू झाली, तो हब आपल्या कंपन्यांनी उभा करावा, मला आवडेल. पण पुणे, मोपा, कन्नूर, कोइम्बतूर, अमृतसर अशा शहरांसाठी वेगळा कोटा बांधून द्या, त्या सीट्स तिथूनच वापरायच्या, मुंबईला वळवता येणार नाहीत असं करारातच लिहा. छोट्या विमानांची अट घाला, म्हणजे ५०० सीटचं विमान आणून सगळा कोटा एका फेरीत संपवता येणार नाही. आणि दुबई जेवढ्या सीट्स घेईल त्याच्यापेक्षा जास्त आपल्या कंपन्यांना मागून घ्या, त्यांना भारताची जेवढी गरज आहे तेवढी आपल्याला त्यांची नाही, हात आपला वर आहे, मग वापरा ना. एकदम ५०,००० नकोत, वर्षाला थोड्या थोड्या. आणि कुठल्या देशाबरोबर किती कोटा, कुणी किती वापरला, कुठली मागणी पडून आहे, हे सगळं दर तीन महिन्यांनी मराठी पेपरवाल्यालाही उचलता येईल अशा साध्या तक्त्यात जाहीर करा.

कंपन्यांचा विरोध होणार, एअर इंडियाचा तर आहेच, त्यांनी तसं सांगितलंय. त्यांची बाजू मंत्रालयात रोज पोचते. आपली बाजू पोचवायला आपल्याकडे एक गोष्ट आहे जी या आधी कधी नव्हती. जून २०२४ पासून पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ हे स्वतः नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आहेत. पुण्याच्या टर्मिनलसाठी, नवीन फ्लाइटसाठी त्यांच्याकडे लोक जातात, निवेदनं देतात, फोटो येतात. पुढच्या वेळी कुणी जाणार असेल, व्यापारी संघटना असो, आयटीवाल्यांची असो की कराड-साताऱ्याचं एखादं मंडळ, तर कृपा करून 'पुण्याहून फ्लाइट वाढवा' एवढंच लिहून देऊ नका, ते सगळेच लिहितात. त्यांना विचारा की २०२२ ला दुबईने दिलेल्या यादीत पुण्याचं नाव होतं, त्याचं पुढे काय झालं, आणि उत्तर लेखी मागा.